दोन डॉक्टरांच्या मधलं दुखणं

वाघोलीची जमीन विकून बंगला बांधला, त्यानंतर दोन वर्षांत मथुराबाईंच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. नगर रोडवरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी त्यावर रात्रीची एक गोळी दिली. पुढे शुगरच्या डॉक्टरांना रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, फार दिसली. ती उतरवायला त्यांनी वेगळी गोळी लिहिली.

मथुराबाईंनी पिशवीतून आधीच्या गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "ही बी चालू हाय. दोन्ही संगं चालंल का?"

"चालतं हो, आजी. तेल-तूप तेवढं कमी करा," डॉक्टर म्हणाले. पाकिटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

थोड्याच दिवसांत मांड्या भरून येऊ लागल्या. जिना चढताना कठडा धरावा लागे. मुलगा संभाजी प्लॉटच्या व्यवहारांत बुडालेला. तो म्हणाला, "आई, दिवसभर टीव्हीपुढं बसतीस, अंग दुखणारच. चालायला जात जा."

त्या चालायला गेल्या. दुखणं वाढलंच. हृदयाच्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून कॅल्शियम दिलं.

"रानात उन्हातान्हात खुरपलं तवा दुखलं न्हाई, आन आता सोफ्यावर बसून दुखतंय व्हय?" त्या चिडून म्हणाल्या. कुणी मनावर घेतलं नाही.

एका सकाळी त्यांना न्हाणीघरात उठताच येईना. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती. सून शेफाली खराडीच्या कंपनीत निघाली होती, ती पर्स टाकून धावली. तिनेच गाडी काढली आणि घरातल्या सगळ्या गोळ्या सोबत घेतल्या.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाई, श्रद्धा, ती पाकिटं बघून थबकल्या. "या दोन्ही एकत्र कोणी दिल्या? यांनी स्नायू विरघळू शकतात, आणि तो कचरा मूत्रपिंडात अडकतो."

सलाइनवर बरेच दिवस गेले. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली.

घरी आल्यावर संभाजी म्हणाला, "झालं गेलं, आता सोड."

"तुझ्या मांड्या न्हाईत त्या," मथुराबाई म्हणाल्या, आणि सुनेला घेऊन थेट शुगरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. बाहेर पेशंट बसलेले. आतलं दार त्यांनी उघडंच ठेवलं.

"असं हजारात एखाद्याला होतं, आजी," डॉक्टर म्हणाले. "आणि पहिली गोळी माझी नव्हती."

"पर पुढ्यात ठिवली हुती न्हवं? म्या इचारलं हुतं. तुमी मान वर केली न्हाई." त्यांचा आवाज बाहेर बसलेल्यांपर्यंत जात होता. "म्हातारी अडाणी हाय, तिला काय कळतंय, आसंच ना?"

"सर, उत्तर द्या ना," शेफाली म्हणाली. "त्या मेल्या असत्या."

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. कुणीच उठलं नाही. बाहेर बसलेला एक माणूस मात्र आपल्या गोळ्यांची पिशवी चाचपडू लागला.

माफी काही मिळाली नाही. शेफालीने मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. त्या तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. मथुराबाईंचे स्नायू बरे झाल्यावर डॉक्टर श्रद्धांनी आधीच्यापेक्षा सौम्य गोळी सुरू केली आणि जोडीला आतड्याला कोलेस्टेरॉल शोषू न देणारी दुसरी. दोन्हींची कामं त्यांनी नीट समजावून सांगितली. कोलेस्टेरॉल उतरलं. डावा पाय अजून जड पडतो. संभाजी आता आईला स्वतः गाडीतून दवाखान्यात नेतो. त्या मागच्या सीटवर बसतात, आणि वाटेत त्याच्याशी बोलत नाहीत.