इल्पोचा डेमो

इल्पोच्या आईने, आउने मावशींनी, फोनवर रडारड केली नाही. एवढंच म्हणाल्या, "तार्मो, शनिवारी इल्पोला शेवटचा निरोप द्यायचाय. नंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी आहे. तुझं ते जुनं मशीन घेऊन ये आणि त्याचा डेमो चालव. सगळ्यांसमोर बंद पडला होता, सगळ्यांसमोरच चालू दे."

नाही म्हणायला तार्मोची जीभ रेटली नाही.

डेमो म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर चित्रं आणि संगीत नाचवणारा छोटासा प्रोग्राम. १९९३ साली कोत्का गावातल्या पोरांना त्याचं भारी वेड. इल्पोने सगळा हिवाळा खपून एक लिहिला. संगीत तार्मोचं, आणि डेमोंच्या स्पर्धेला मशीनही तार्मोचंच. पडद्यावर डेमो दीड मिनिट चालला आणि थिजला. शंभरेक पोरं फिदीफिदी हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने तार्मोच ओरडला, "काय कचरा लिहिलायस रे, इल्पो!" स्वतःवर येतंय असं दिसलं की माणसाचं तोंड फार चटकन उघडतं. इल्पोने त्यानंतर प्रोग्राम लिहिला नाही. कागदाच्या गिरणीत लागला. तीस वर्षं दोघं एकाच गावात राहिले. दुकानात समोर आले की मान हलवायची, बस्स.

आता खरी गोष्ट. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तार्मोने मशीनमध्ये नवं, वेगवान प्रोसेसर कार्ड बसवलं होतं. इल्पोला चकित करायचं म्हणून सांगितलंच नव्हतं. त्या प्रोसेसरला कॅशे होती. नुकत्याच वाचलेल्या आज्ञा तो स्वतःजवळच्या एका कप्प्यात ठेवायचा आणि मूळ जागी पुन्हा बघायला जायचाच नाही. इल्पोचा प्रोग्राम मात्र चालता चालता स्वतःच्याच आज्ञा बदलायचा. बदललेली आज्ञा मूळ जागी, आणि प्रोसेसर कप्प्यातली शिळी आज्ञा पाळतोय, असं झालं तर? दोन-तीन वर्षांनी एका मासिकात कॅशेबद्दल वाचताना तार्मोच्या मनात पाल चुकचुकली होती. कॅशे बंद करायला एका ओळीचा हुकूम पुरे होता. पण करून बघायचं म्हणजे मग इल्पोच्या दारात जायचं. त्याने मासिक मिटलं.

या आठवड्यातही मशीन त्याच्या टेबलावर पडून होतं. करून बघायचं धाडस झालं नाही.

हॉलमध्ये सँडविच-केक कापून झाला, शोकपत्रं वाचून झाली. काळ्या कपड्यांतली तीसेक माणसं कप हातात धरून पडद्याकडे वळली. तार्मोने फ्लॉपी घातली आणि कॅशेला हातही न लावता डेमो सुरू केला. उगाचच आशा, की आज चालेल आणि आपण सुटू. दीड मिनिटाने चित्र थिजलं. सूर एकाच ठिकाणी घरघरत राहिला.

"तिथंच!" ओस्मो म्हणाला. हा त्यांच्याच टोळीतला, आता ढेरी सुटलेला. "तीस वर्षांत गाडी इंचभर पुढे गेली नाही की!"

कुणीतरी हसू दाबलं. आउने मावशी तार्मोकडे बघत होत्या. "तार्मो, खरं सांग. माझ्या पोराला जमलंच नव्हतं का?"

फ्लॉपी जुनी झालीय, मावशी. तोंडाशी आलेलं हे वाक्य किती सोपं होतं! बोलला असता तर कुणी शंकाही घेतली नसती. तार्मोला स्वतःची किळस आली. त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, ती एक ओळ टाइप केली आणि डेमो परत लावला.

दीड मिनिट झालं. चित्र वळलं आणि पुढे निघालं. आजवर इल्पोशिवाय कुणीच न पाहिलेलं त्याचं काम पडद्यावर उलगडत गेलं. बर्फावरून सरकणारे दिवे, त्यांची खालची प्रतिबिंबं, सगळं लोण्यासारखं अलगद.

"काय केलंस काय?" ओस्मोने विचारलं.

"कॅशे बंद केली. कार्ड मी बसवलं होतं, त्याला न सांगता." तार्मो म्हणाला. "त्याचं काही चुकलं नव्हतं, मावशी. चूक माझी होती. आणि मला बरीच वर्षं तसा संशय होता."

मावशींची नजर पडद्यावरून हलली नव्हती, कारण तिथे आता अक्षरं सरकू लागली होती. डेमोच्या शेवटी मित्रांना सलाम करायची या पोरांची रीत. नावं एकेक करून गेली. ओस्मोचं आलं तेव्हा त्याने मान खाली घातली. सर्वांत शेवटची ओळ मावशींनी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचली.

"तार्मोला सलाम. मशीन त्याचं आहे, म्हणून मला काळजी नाही."

त्यांनी मान वळवली. "हा तार्मो म्हणजे तूच ना रे?"

"मीच," तार्मो म्हणाला.