दोनशे हॉर्सपॉवर

शारजातल्या माझ्या गॅरेजात गानिमने नवी स्पोर्ट्स कार आणली.

"कंपनीचं किट जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर वाढवतं, नादिर. तू दोनशे वाढव."

"मग ब्रेकही बदलावे लागतील."

"ब्रेक म्हाताऱ्यांना लागतात!"

"मग कंपनीकडेच जाऊन मर!"

त्याने माझी कॉलर धरून डोकं बॉनेटवर आपटलं. मी पान्याने त्याचा हेडलाइट फोडला आणि लाथ घालून त्याला हाकललं.

शेजारच्या गॅरेजवाल्याने मोठा टर्बो बसवला, ब्रेक जुनेच ठेवले. शुक्रवारी गानिम वळणावर भिंतीवर आदळून मेला.

तीन दिवसांचा शोक संपताच त्याचा भाऊ आला. एका ठोशात त्याने माझा दात पाडला.

"तू ब्रेक बदलल्याशिवाय गाडी सोडली नसतीस, हरामखोरा! मग त्याला हाकललंस कशाला?"

पाना माझ्या हातातच होता. तो मी खाली ठेवला.