उघडा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, मोटारसायकलचा. इंजिनाची ताकद क्लचपर्यंत पोचवायची, एवढंच माझं काम. अंग रबराचं, आत बळकट धागे आणि पोटाशी ओळीनं दात. मित्रांनो, आता माझ्या अंगाला भेगा पडल्या आहेत. तुटून जाण्याआधी माझी हकिगत तुम्हाला सांगावी म्हणतो.

सोलापूरच्या भवानी पेठेत बंदेनवाज आणि गुलबानो राहतात. बंदेनवाजनं सारा जन्म टेम्पो चालवला. हौस म्हणून त्याच्याकडे एकच गोष्ट, ही जुनी दणकट मोटारसायकल. माझ्या जागी तिच्यात आधी साखळी होती. ती बंद पेटीत, तेलात बुडून फिरायची आणि पेटी कितीही आवळली तरी तेल गळायचंच. गुलबानो दारात बसून चादरींच्या दशांना गाठी मारायची. एके दिवशी तेलाचा ओघळ तिच्या गठ्ठ्याखाली आला आणि चादरी डागाळल्या.

"फिरदोसचे अब्बा, आता या घरात ही राहील, न्हाय तर मी!"

"ती म्हातारी हाय गं. तिला कुटं पाठवू?"

"आन् मी काय कालची नवरी हाय?"

बंदेनवाज हसत हसत गाडी रुद्रप्पा मेस्त्रीकडे घेऊन गेला. रुद्रप्पानं साखळी काढली, तेल काढलं, पेटीचं झाकण काढलं आणि मला बसवलं.

"ह्याला तेल नको, काय नको," तो म्हणाला. "हलका हाय, मऊ चालतो. गरम झाला तर वारा हाय की. पण उघडा हाय बगा, भाई. धूळ खातो, खडी खातो, कापड तर ह्याला लई गोड लागतं. वरून जाळी बसवू?"

"जाळी बसवली तर दिसणार काय? मागं साडीगार्ड हाय की."

"ते चाकाला हाय. ह्याला न्हाय."

"अरे रुद्रप्पा, आपली अख्खी पेठ उघड्या पट्ट्यांत वाढली. मागाच्या पट्ट्याला कोण जाळी लावतं?"

रुद्रप्पाचा बाप यंत्रमागावरच होता. जन्मापासून ज्यांनी फिरते पट्टे बघितले, त्यांना त्यांचं भय वाटेनासं होतं. तोही मान डोलावून कामाला लागला. आणि मी? मला तर ते ऐकून आनंदच झाला. झाकून कोणाला राहायचं असतं?

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दर शुक्रवारी दोघं लेकीकडे, फिरदोसकडे, जुळे सोलापूरला जायची. गुलबानो एका बाजूला पाय सोडून बसायची, डाव्या बाजूला. मीही त्याच बाजूला. तिचा हात नवऱ्याच्या खांद्यावर असायचा. दाराची फरशी आता स्वच्छ राहते, म्हणून ती मला दुवा द्यायची. चौकात गाडी थांबली की लोक वाकून माझ्याकडे बघायचे. बंदेनवाज छाती फुगवून सांगायचा, "एकदा धरलं की सोडत न्हाय हा. घसरणं ह्याला ठाऊकच न्हाय."

रस्त्यावरून उडालेला खडा कधी माझ्या दातांत चेचला जायचा. पावसात मी कुरकुरायचो. पण या गोष्टींकडे कोण लक्ष देतं?

असाच एक शुक्रवार होता. फिरदोसच्या इमारतीखाली गाडी थांबली. बंदेनवाजचा गुडघा दुखायचा, पुन्हा किक मारायला नको म्हणून त्यानं इंजिन चालूच ठेवलं. गुलबानो उतरली. तिच्या पिशवीतले पेरू घरंगळत गाडीखाली गेले. ती वाकली. गाडी उभी होती, चाकं उभी होती. सगळं थांबलंय, असंच तिला वाटलं. पण मित्रांनो, इंजिन चालू असेल तर गाडी उभी असतानाही मी फिरतच असतो.

तिचा पदर खांद्यावरून सरकला आणि माझ्या दातांत आला. तो ओढून काढायला तिनं हात घातला.

मी सोडलं नाही. सोडणं मला ठाऊकच नव्हतं.

बंदेनवाजनं इंजिन बंद केलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गुलबानो इस्पितळातून परतली, तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटं अर्धी होती. चादरींच्या गाठी तिला पुन्हा मारता आल्या नाहीत. तिनं कुणाला बोल लावला नाही. बंदेनवाजनं मात्र गाडी भिंतीशी उभी केली, वर एक फाटकी चादर टाकली आणि गाडीकडे बघणंच सोडलं. दर शुक्रवारी तो रिक्षा बोलवायचा.

"गाडी काढा की," ती म्हणायची. "पदर खोचून बसते. न्हाय तर रुद्रप्पाला जाळी लावायला सांगा."

"रिक्षा आली," एवढंच तो म्हणायचा.

एका जागी उभा राहून माझी वळणं आखडली. वाकलेल्या जागी भेगा पडल्या. मला कुणी शिव्या दिल्या असत्या, तोडून फेकलं असतं, तरी चाललं असतं. पण बंदेनवाज मला काहीच बोलला नाही. तो स्वतःलाच बोलत असावा.

परवा दुपारी गुलबानो बाहेर आली. तिनं ती चादर ओढून काढली, आणि उभ्या गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसली.

"फिरदोसचे अब्बा, या की. पुढं बसा."

"उतर गं. लोक हसतील."

"हसू द्या. तुमी बसा."

तो बसला. किक मारली नाही. तिनं तो हात, अर्ध्या बोटांचा, त्याच्या खांद्यावर ठेवला. बंदेनवाजची मान खाली गेली. बराच वेळ दोघं तशीच बसली होती, कुठंही न जाता.

मित्रांनो, जे जे फिरतं त्यावर झाकण घाला. त्यानं त्याची शोभा गेली तर जाऊ द्या. आणि चालू यंत्राशेजारी कुणी वाकत असेल, तर आधी ते बंद करा. तुमचा गुडघा दुखत असला तरी. आम्हाला पदर आणि हात यांतला फरक कळत नाही. तो तुम्हाला कळतो.