आसरांच्या डोहावरचा लाल पंजा

"लाल! लाल उमटलं!"

डोहाभोवती शे-दीडशे माणसं दाटीवाटीने उभी होती. पुढच्या रांगेतल्या बायांनी तिथल्या तिथे जमिनीला डोकं टेकलं.

खडकावर सखूला उताणी निजवली होती. नुकतंच सोळावं लागलेली पोर. तिच्या फुगलेल्या पोटावर हळदीच्या पाण्यात भिजवलेलं पिवळंधमक फडकं गुंडाळलं होतं. कोंडाजी भगताने लोट्यातल्या स्वच्छ पाण्यात हात बुडवून त्या फडक्यावर दाबला होता आणि पिवळ्यावर रक्तासारखा लाल पंजा उमटला होता.

"सात बाया, सात वाटा! धरला गोळा, सोडा गाठा!" भगत घुमत ओरडला. "बगा, सात बाया आन् सात बोटं! मोजून घ्या!"

मी मोजली. पाचच होती. पण देवाच्या दारात मोजदाद करायची नाही असा आमच्या रिहे गावचा रिवाज, आणि मी तर गावचा शाळामास्तर. मोजूनही बोललो नाही, याची स्वतःचीच लाज वाटली.

हे १९५९ सालच्या वैशाखातलं. उन्हाळ्यातही न आटणारा हा डोह साती आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचा. पाळी आलेल्या पोरीने त्यात पाय घातला, तर आसरा तिचा विटाळ धरून ठेवतात, अशी इथली समजूत. सखूची पाळी चुकली तेव्हा तिच्या आईने, रंभाबाईने, हेच धरलं. डोहाला खण-नारळ वाहिले. पाळी काही आली नाही, पोट मात्र वाढत गेलं. मग 'आसरांचा गोळा' उतरवायला सरपंच हैबतरावांनी कोंडाजी भगत आणवला.

"आता ह्या गोळ्यावर सात येळा पाय दिऊन त्यो उतरिवतो," भगत म्हणाला. "मग पोरीला डोहात सात बुड्या. वरडली तर समजा आसरा वरडत्यात. कुनी मधी यायचं न्हाई!"

सखू ओरडत नव्हती. ती आईचा पदर घट्ट धरून आभाळाकडे बघत होती.

माझ्या शेजारी लीलाबाई उभ्या होत्या. तालुक्याच्या दवाखान्यातल्या परिचारिका. सकाळीच मी त्यांना चिठ्ठी पाठवून बोलावून घेतलं होतं. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, त्याने एकदा जरी जोराने पाय दिला, तर आतून रक्त सुटेल. मूल जाईल आणि पोरही जाईल. पुण्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही."

मूल. मला शंका होतीच, म्हणून तर बाईंना बोलावलं होतं.

भगताने धोतर वर खोचलं. त्याचा हात उन्हात सुकत आला होता आणि बोटांच्या पेरांवर पांढरा थर धरत होता. तो थर माझ्या ओळखीचा होता. शाळेच्या भिंतींना चुना लावून हात सुकले की माझ्याही बोटांवर तोच असतो.

"थांबा!" मी ओरडलो.

भगताने पाय उचललेलाच होता.

"गुरुजी, देवाच्या आड येऊ नगा," हैबतराव गुरगुरले. "पोरीचं काय बरंवाईट झालं तर तुमच्या माथी बसंल!"

"बसू द्या. सरपंच, तुमची चंची द्या."

"आँ?"

"तंबाखूची चंची. चुन्याची डबी आहे ना तिच्यात?"

तंबाखू मागितली तर नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हैबतरावांचा हात आपसूक कमरेला गेला. मी डबीतला चुना तळव्याला फासला, ओंजळभर पाणी घेतलं आणि सखूच्या अंगावरच्या फडक्याचं लोंबतं टोक मुठीत धरलं. मूठ उघडली. त्या टोकावर माझ्याही बोटांचा ठसा उमटला होता. तसाच लाल.

"माझ्या अंगात कोणती आसरा आली, सांगता का भगत?"

मग गर्दीतून म्हातारी साळूबाई पुढे आली, फडक्याचा वास घेतला आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बया! ह्यो तर पाय मुरगळल्याव लावायचा ल्येप! हाळद आन् चुना! जलमभर लावतीया म्या, आन् आज पाया पडली!"

मी लोटा उचलून सगळ्यांना दाखवला. "हे तीर्थ नाही. चुन्याची निवळी आहे. वरून पाण्यासारखी दिसते, हळदीला लागली की लाल होते."

भगत घोंगडी गोळा करू लागला, पण आता त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. लीलाबाई सखूजवळ बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून लाकडी नळी काढली, पोटावर टेकवून कान लावला, बराच वेळ ऐकलं, मग रंभाबाईचं डोकं हळूच धरून तिचा कान त्या नळीला लावला.

"काय ऐकू येतंय?"

रंभाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "ठोकं पडत्यात."

"नातवंडाचं काळीज आहे ते, बाई. सहावा महिना आहे. याच्यावर पाय देणार होता तो."

जे गाव मघाशी पाया पडत होतं, त्याच गावाचे डोळे आता पोरीवर वटारले. मला वाटलं, एका मरणातून ओढून हिला दुसऱ्यात ढकलली की काय! हैबतराव दात चावत पुढे आले. "कुनाचं हाय? बोल!"

सखू उठून बसली. तिचा आवाज खडकावर नख ओढावं तसा बारीक होता. "भिवाजीचं आसंल. पर कसं आसंल? आक्षता कुटं पडल्यात?"

भरे गावच्या भिवाजीशी तिची सुपारी फुटली होती. त्याचा चुलता वारला म्हणून लग्न वर्षभर पुढे गेलं होतं. दिवाळीनंतर भाताच्या मळणीला तो मदतीला आला होता.

"त्यो बी म्हनला," सखू सांगत होती, "आक्षता पडल्याबिगर पोर व्हत न्हाई. आय बी तसंच म्हनती."

रंभाबाई मटकन खाली बसली. "व्हय वं. माज्या आयनं मला त्येच सांगितलं व्हतं."

मला संताप आला, आणि तो त्या दोघींवर नव्हता. ज्या गावात म्हैस कधी फळली आणि कधी विणार हे शेंबडं पोरही बोटांवर मोजून सांगतं, त्या गावात माणसाच्या लेकराचा हिशेब अक्षतांवर सोडला होता.

"म्हनूनच मी म्हनलं व्हतं," हैबतराव गरजले, "शाळंत असलं शिकवाय लागलात की पोरी बिघडत्यात!"

"शिकवलंच कुठे, सरपंच?" मी म्हणालो. "गेल्या साली लीलाबाई मोठ्या मुलींशी बोलायला शाळेत आल्या होत्या. तुम्ही डोळे वटारलेत आणि मी भ्यालो. शाळा तपासणी आहे अशी थाप मारून मी त्यांना दारातून परत पाठवलं. सखू तेव्हा सातवीत होती, पहिल्या बाकावर. न शिकवता जे झालं, ते तुमच्यापुढे बसलंय."

हैबतरावांनी माझ्याकडून चंची घेऊन कमरेला खोचली. मग वळून गड्याला म्हणाले, "बैल जुप. बाईंच्या संगं पोरीला पुन्याला पोचीव."

सखूला श्रावणात पुण्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. कोवळ्या अंगाची, दोन दिवस अडली होती. डॉक्टर नसते तर गेलीच असती. भिवाजी आईबापाला घेऊन आला, खाली मान घालून. लग्न लागलं तेव्हा अक्षता टाकताना साळूबाई मोठ्याने म्हणाली, "ह्ये तांदूळ हायेत, बरं का. निस्तं तांदूळ!"

आणि लीलाबाई पुन्हा शाळेत आल्या. मुलींपुढे त्या बोलल्या. मुलांपुढे मी बोललो. माझी जीभ तीनदा अडखळली, पण बोललो. पडवीत आया दाटीने बसल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर रंभाबाई उठली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्ये मला कुनी सांगितलं आसतं, तर म्या माज्या लेकीला सांगितलं नसतं व्हय?"

वाचकहो, हळद तुमच्या घरात आहे, चुना तुमच्या चंचीत आहे. चमत्कार दिसला की आधी तिथे हात घाला. आणि लेकरांना त्यांच्या अंगाची गोष्ट लाज सोडून, वेळेवर, तुम्हीच सांगा. तुम्ही गप्प राहिलात की ती सांगायला कोंडाजी भगत येतो.