दाराखालची बोटं

ताईनं अकरावी ओळ लिहिली, पेनाला टोपण लावलं आणि कागद लॅमिनेशनच्या मशीनमध्ये सरकवला. बारावी ओळ कोरी राहिली होती. मशीननं कुरकुरत कागद आत ओढला, आणि आता तिथे काही लिहायची सोय उरली नाही.

कागदावर वर खारूचा फोटो होता आणि खाली तिची माहिती, तिच्याच तोंडून सांगितल्यासारखी. प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं: मुलाबद्दल लिहू नका, मूल होऊन लिहा. सगळं काही खिशात साठवते म्हणून विशेष मुलांच्या या शाळेनं तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. नऊ वर्षांची झाली तरी ती एक शब्द बोलत नव्हती, त्यामुळे सहा वर्षं तिच्या वतीनं शाळेत तिला सांभाळणारी ताईच बोलत आली होती. मला निळा चमचा लागतो. माझ्या डोक्याला हात लावू नका. पंखा जोरात फिरत असेल तर मी खोलीत येत नाही. अशा अकरा ओळी. बारावी ताईला तोंडपाठ होती: मी कानांवर हात ठेवले की बोलणं बंद करा आणि बाटल्यांची झाकणं मोजायला बसा. ही एक ओळ माहीत नसेल तर बाकीच्या अकरा असून नसून सारख्याच.

नव्या मदतनीस मुलीनं गरम कागद दोन बोटांत धरून वाचला. तिला नोकरीला लागून जेमतेम पंधरा दिवस झाले होते आणि शाळेत सगळे तिला ‘नवी’च म्हणत.

“एवढंच, ताई? मला वाटलं वही भरून असेल.”

“एवढंच.”

“ती चावते म्हणतात.”

“नीट वागलीस तर नाही चावणार,” ताई म्हणाली. ते जरा जास्तच तुटक निघालं.

हे सगळं सुरू झालं काल, शिक्षकांच्या प्रशिक्षणात. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता. तुम्ही उद्या आजारी पडलात तर?

“मी आजारी पडतच नाही,” ताई म्हणाली होती.

सगळे हसले. मुख्याध्यापिका मोठ्या बाई तर कौतुकानं म्हणाल्या, “अहो, थट्टा नाही. हिच्याशिवाय त्या पोरीचं पान हलत नाही.”

हे वाक्य ताईनं सहा वर्षांत कितीदा ऐकलं असेल. दर वेळी तिला मूठभर मांस चढायचं. प्रशिक्षक बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, “मग उद्या सकाळी खारूबरोबर नवी राहील. तुम्ही माझ्याशेजारी, काचेमागे.”

पान हलत नाही हे काही खोटं नव्हतं. सकाळी फाटकापासून खारू ताईची करंगळी धरायची ती संध्याकाळी सोडायची. ताई एका हातानं जेवायला शिकली, एका हातानं केसांना चाप लावायला शिकली. ती संडासात गेली की खारू बाहेर फरशीवर बसायची आणि दाराखालच्या फटीतून चार बोटं आत सरकवायची. कडी लावलेली तिला चालायची नाही. आवाज झाला की ती दारावर डोकं आपटायची. म्हणून ताईनं शाळेत सहा वर्षांत कडी लावली नव्हती. पायाशी ती चार बोटं, आणि आपण आत. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, म्हणून तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

नवरा चार वर्षांपासून दुसऱ्या गावी नोकरीला होता. तिथल्या प्रशिक्षण केंद्राला अशा मुलांसाठी चित्रं, तक्ते, पुस्तिका तयार करणारं माणूस हवं होतं, आणि ताईच्या हातचं काम त्यांनी पाहिलं होतं. बोलावण्याचं हे तिसरं वर्ष. दर वेळी ती म्हणायची, खारूचं जरा मार्गी लागू दे. पहिल्या वर्षी नवरा म्हणाला, बरं. दुसऱ्या वर्षी म्हणाला, मग मी मांजर पाळतो, निदान घरात कोणी माझ्यावर रुसेल तरी. या वर्षी त्यानं चेष्टा केली नाही. “उद्या त्यांची शेवटची तारीख आहे,” तो सकाळीच फोनवर म्हणाला होता. “ते चौथ्यांदा विचारणार नाहीत. आणि खरं सांगू, मीही नाही.”

काचेमागची खोली म्हणजे एकेकाळी झाडू-बादल्या ठेवायची जागा. दोन खुर्च्या कशाबशा मावत. या बाजूनं वर्ग स्वच्छ दिसायचा, त्या बाजूनं नुसता आरसा. प्रशिक्षक बाईंनी ताईच्या मांडीवर एक तक्ता ठेवला. त्यात तीन रकाने होते: वेळ, काय झालं, कशाची गरज पडली.

समोर भिंतीवर खारूच्या दिवसाची पट्टी होती. एकाखाली एक चित्रं चिकटवलेली: नवीचा फोटो, मणी, चित्रकला, जेवण. एक काम झालं की त्याचं चित्र ओढून काढायचं आणि बुटांच्या खोक्याला पाडलेल्या फटीतून आत टाकायचं. खोक्यावर ताईनंच मोठ्या अक्षरात ‘झालं’ असं लिहिलं होतं. चित्र टाकलं की खारू खोकं कानाशी नेऊन हलवायची, नक्की आत पडलं ना म्हणून. आज सकाळी कोणाला न विचारता ताईनं पट्टीच्या अगदी तळाशी आपलाही फोटो लावून ठेवला होता. खारूला धीर यावा म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

खारू आत आली. तिनं दाराकडे पाहिलं, नवीकडे पाहिलं. नवीनं हात पुढे केला तो तिनं घेतला नाही, पण बसली. मणी ओवले. मण्यांचं चित्र खोक्यात गेलं, खोकं हललं.

“छान चाललंय,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

ताईनं वेळ लिहिली.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी लोखंडी बाक फरफटत नेलं. तो आवाज काचेमागेही दातांत गेला. खारूनं दोन्ही हात कानांवर दाबले.

“काय झालं राणी? घाबरलीस? काही नाही हं, बाक होतं ते, बाक. मी आहे ना इथे!” नवी बोलत सुटली. मनानं चांगली पोर, म्हणूनच थांबेना. खारू पुढेमागे झुलायला लागली. मग तिच्या घशातून तो बारीक, एकसुरी आवाज सुरू झाला.

ताईला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचे कान तापले.

“यावर काय करायचं हे तुमच्या त्या कागदात आहे का?” प्रशिक्षक बाईंनी विचारलं.

“नाही.”

“तुम्हाला माहीत आहे?”

ताई उठली. मांडीवरचा तक्ता खाली पडला. तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

“दार उघडंच आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “जायचं तर जा.”

ताईनं मूठ फिरवली, आणि फिरवता फिरवता काचेतून पाहिलं. खारू उभी राहिली होती. एक कान खांद्याशी दाबून ती पट्टीपाशी गेली. चित्रकलेच्या, जेवणाच्या चित्राला तिनं हात लावला नाही. बोट सरळ तळाशी नेलं आणि ताईचा फोटो ओढला. फोटो डोळ्यांजवळ धरून ती बराच वेळ बघत राहिली.

आता ती दाराशी येईल, ताईला वाटलं. दारावर डोकं आपटेल. ताईनं दाराची मूठ सोडली नाही.

खारूनं फोटो खोक्याच्या फटीत घातला. तो तिरपा अडकला. तिनं बोटानं ठोकून ठोकून आत ढकलला. मग खोकं कानाशी नेलं आणि हलवलं. परत एकदा हलवलं.

मग ती जमिनीवर बसली, खिशातून झाकणं काढली आणि एकापुढे एक ओळीत मांडू लागली. नवीचं बोलणं चालूच होतं. पाच झाकणं मांडून झाल्यावर खारूनं सहावं नवीच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली. नवी गप्प झाली. खोलीत नुसता झाकणांचा टकटक आवाज राहिला.

प्रशिक्षक बाईंनी तक्ता उचलून ताईच्या हातात दिला. “तिसरा रकाना,” त्या म्हणाल्या. “कशाची गरज पडली?”

ताईनं पेन्सिल टेकवली. टोकाखालचा ठिपका काळा होत राहिला.

“जरा जाऊन येते,” ती म्हणाली.

त्या संडासात ताईखेरीज कोणी जात नसे, त्यामुळे कडी वापर नसल्यानं गंजली होती. ती सरकवायला दोन्ही हात लागले, आणि तेव्हा तिला कळलं की दोन्ही हात मोकळे आहेत. कडी मोठ्यानं वाजली. ताई दचकून तशीच उभी राहिली, दारावर डोकं आपटल्याचा आवाज ऐकायला. कोणीतरी चपला वाजवत बाहेरून गेलं. कुठेतरी नळ बंद झाला. खिशात फोन थरथरू लागला, नवऱ्याचाच असणार, त्याची जेवणाची सुट्टी याच वेळेला असते. फोन वाजून थांबला.

दाराखालच्या फटीत उजेडाची पट्टी सरळ पडली होती, मध्ये कुठेही न तुटता.

ताई खाली बसली. मग तिनं आपली चार बोटं फटीतून बाहेर सरकवली. बाहेरची फरशी गार होती.