देवगिरीला माईक नव्हता

दिग्दर्शक दिग्विजयने माईक काढून टाकले तेव्हा सत्यशीलाबाईंनी मनातल्या मनात त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. नाटक यादवांच्या काळातलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाण्यातच; त्यात हार्मोनियमही नको, माईकही नको.

"देवगिरीला माईक होते का, बाई?" दिग्दर्शकसाहेब म्हणाले.

"देवगिरीला बाल्कनीही नव्हती," बाई म्हणाल्या.

खरी भीती वेगळीच होती. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज बारीक झाला होता आणि तेव्हापासून माईकनेच त्यांची अब्रू झाकली होती. आज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलो नाही, तर पुणेकर तोंडावर सांगतील. तसं झालं तर गाणं सोडायचं, हे बाईंनी ठरवूनच टाकलं होतं.

पडदा उघडला. शिंग फुंकलं गेलं, पखवाज घुमला, ऋतुजा आणि तिच्या नाचातल्या मुली हातात दिवे घेऊन रंगमंचभर नाचल्या. वेढ्यात अडकलेल्या राणीच्या वेशात बाई मधोमध येऊन उभ्या राहिल्या. तालमीत त्या जीव खाऊन गायच्या आणि वरच्या सुरावर आवाज हमखास फाटायचा. तरी आजही त्यांनी छाती भरून घेतली.

तेवढ्यात साथीला बसलेल्या मच्छिंद्रने रुद्रवीणा छेडली. तालमींना साधा तंबोराच असायचा. आपल्या गुरुजींची ही जुनी वीणा त्याने फक्त प्रयोगासाठी आणली होती. तिचा नाद इतका खालचा, की कानांआधी तो पायांना कळला. बाईंच्या अंगावर काटा आला. मोठ्याने गायलं असतं तर तो नाद ऐकूच आला नसता, आणि बाईंना तो ऐकायचा होता. बाकी सगळं त्या विसरल्या. घरात कुणी झोपलेलं असताना गुणगुणावं, तितक्याच आवाजात त्यांनी सूर लावला.

पद संपलं. टाळी नाही, खोकला नाही. पुण्यात असं होत नाही. ऋतुजाने पुढचा नाच सुरू करायचा होता, तीही दिवा धरून तशीच उभी. नाहीच पोचलं, बाईंना वाटलं.

मग बाल्कनीच्या अगदी वरच्या टोकाकडून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, जराही न चढवलेला.

"बाई, तेवढं पुन्हा म्हणा. याहून हळू म्हणालात तरी चालेल."

बाईंचे डोळे भरून आले. मच्छिंद्रने पुन्हा तार छेडली आणि बाई खरोखरच आणखी हळू गायल्या.