वसितीचं डबरं

आमच्या बेटावर नुसतं 'खड्डा' असं कुणी म्हणत नाही. तापल्या दगडांवर मासे पुरतो ती खळी. नीरफणस मुरवतो ते पेव. प्यायच्या पाण्याचा तो झिरा. आणि पुलाका, म्हणजे आमचं पाण्यातलं अळू, लावतो ते डबरं. स्वतःचं डबरं असेल ती घरची बाई, बाकीच्या पाहुण्या.

माझी सून वसिती फिजीच्या डोंगरातली. तिला सगळे खड्डेच. "आई, त्या खड्ड्यात पाय गेला."

"मेले, पेव आहे ते! घरादाराचं अन्न तुडवलंस!"

मुलगा जहाजावर. हिला घरात पाहुणीसारखं बसवेना. एका सकाळी फावडं घेऊन मागच्या रानात खणायला लागली. मी काठावर जाऊन बसले.

"काय गं, खेकड्यांना घर बांधतेस?"

"डबरं खणतेय, आई."

"हे कोरडं? नुसता खड्डा आहे हा."

तोंड उतरलं तिचं, पण फावडं थांबलं नाही. वाळू ढासळायची, ही पुन्हा उपसायची. शेजारची मालोफू येऊन म्हणाली, "अगं, सांग ना तिला जरा काहीतरी."

"मला कुणी सांगितलं होतं?"

दुसऱ्या दिवशी ती खांद्याइतकी आत गेली आणि ओरडली, "आई, पाणी!" ओंजळ वर केली. मी जीभ लावली. खारट असतं तर बोलायला सोपं गेलं असतं. गोड होतं.

"आता तरी डबरं म्हणाल?"

"त्याला खाऊ घाल आधी. उपाशी ठेवलंस तर अळू पिवळं पडेल."

"काय घालू?"

आता आली का पंचाईत! डबऱ्यात कुठली पानं कुजवायची, कशावर काय घालायचं, हे आमच्यात पोटच्या मुलीलाच सांगतात. सुनेला नाही. माझ्या सासूनं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. वसिती खालून बघत होती, केसांत वाळू, हाताला फोड. आणि काठावर मालोफू आजही कान टवकारून उभी.

"मालोफू, तुझ्या घरून करपल्याचा वास येतोय गं."

ती धावत सुटली. मी वसितीला हात देऊन वर ओढलं, टोपली तिच्या डोक्यावर ठेवली.

"चल. मी तोडेन ती पानं बघ. विचारायचं नाही. आणि नवऱ्याला सांगितलंस तर जीभ कापीन."

संध्याकाळी मालोफू फणफणत आली. "काही करपलं नव्हतं! सून कुठाय तुझी?"

"कुठं असणार?" मी म्हटलं. "तिच्या डबऱ्यात."